गिलाव्याखालच्या विटा

(द्वितीय वर्ष, कला)

महाविद्यालयात प्रवेश घेताना जो अर्ज भरावा लागतो, त्यात वडिलांचा व्यवसाय असा एक रकाना असतो. पहिल्या वर्षी त्या रकान्यात मी कंत्राटदार असे लिहिले. माझे आबा कंत्राटदार नाहीत. कंत्राटदाराच्या हाताखाली रोजंदारीवर विटा रचणारे ते गवंडी आहेत. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि त्या पहिल्याच पायरीवर मी खोटे लिहिले. ही गोष्ट आजवर कोणाला सांगितली नव्हती. आज सांगतो आहे ती एका परक्या गायकामुळे. तो गेला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

आमचे गाव वाईजवळ. पसरणीचा घाट चढला की पाचगणी. उन्हाळ्याच्या सुटीत मी आबांबरोबर तेथे बांधकामावर जातो. अशाच एका दुपारी, जेवणाच्या वेळी, कामावरच्या एका सोबत्याने मला मोबाइलवर एक इंग्रजी गाणे ऐकवले आणि हे गाणारा माणूस याच पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत शिकला होता असे सांगितले. मला ते थापेबाजीचे वाटले. गाण्याचे शब्दही नीट कळले नाहीत. पण गाण्याच्या मध्यावर एकाएकी शंभरेक माणसांचा समुदाय गाऊ लागला आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला. पुढे वाचनातून समजले की तो समुदाय नव्हताच. गाणारे फक्त तिघे होते! तिघांचे शंभर झाले कसे? या एका प्रश्नाच्या मागे लागून मी फ्रेडी मर्क्युरीचे आयुष्य समजून घेतले. ते येथे थोडक्यात मांडतो.

त्याचे मूळ नाव फरोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील झांजिबार बेटावर. आईवडील पारशी. घराणे मूळचे गुजरातेतील बलसाडचे, आणि त्या गावावरूनच हे आडनाव पडलेले. वडील बोमी बुलसारा तेथील न्यायालयात इंग्रज सरकारचे रोखपाल होते. मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी त्याला आठ वर्षांचा असताना समुद्रापलीकडे पाचगणीच्या वसतिगृहात धाडले. आठ वर्षांचे वय म्हणजे आपल्याकडे तिसरी-चौथीचा मुलगा! आई, वडील आणि धाकटी बहीण कश्मीरा झांजिबारला, आणि हा सह्याद्रीच्या माथ्यावर. सुटीत त्याला बरेचदा मुंबईच्या नातेवाइकांकडे राहावे लागे.

याच शाळेत तो पियानो शिकला. याच शाळेत मित्र त्याला फ्रेडी म्हणू लागले. १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी मिळून ‘हेक्टिक्स’ नावाचे वाद्यवृंद पथक काढले, त्यात फ्रेडी पियानो वाजवीत असे. मुख्य गायक मात्र दुसराच मुलगा होता. पुढे ज्याच्या आवाजाची जगाने वाखाणणी केली, तो येथे मागे बसून साथ करीत होता, ही गोष्ट मला फार धीर देऊन गेली.

१९६३ साली तो झांजिबारला परतला. पण घर मिळाले म्हणेपर्यंत ते सुटले. १२ जानेवारी १९६४ रोजी बेटावर क्रांती झाली, सुलतानाची सत्ता उलथून पडली आणि हजारो माणसे मारली गेली. बुलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला निघाले आणि लंडनच्या पश्चिमेला, विमानतळाजवळच्या फेल्थम या भागात राहू लागले. सतरा वर्षांच्या फ्रेडीने तेथे नव्याने सुरुवात केली. ईलिंगच्या कला महाविद्यालयातून त्याने १९६९ साली आलेखन व संकल्पनाची पदविका घेतली. पोटासाठी केन्सिंग्टनच्या बाजारात रॉजर टेलर या मित्राबरोबर जुन्या कपड्यांचा गाळा चालविला.

१९७० साली हा रॉजर टेलर, खगोलभौतिकीचा विद्यार्थी असलेला गिटारवादक ब्रायन मे आणि फ्रेडी असे तिघे एकत्र आले. पथकाला ‘क्वीन’ हे नाव फ्रेडीने दिले आणि स्वतःचे आडनाव बदलून मर्क्युरी केले. पुढच्या वर्षी जॉन डीकन हा बेस गिटार वाजविणारा चौथा साथीदार आला. चौघांच्या राशी गुंफून पथकाचे बोधचिन्हही फ्रेडीनेच काढले. कला महाविद्यालयातील शिक्षण वाया गेले नाही ते असे.

पहिली तबकडी काढताना त्यांना स्टुडिओची नियमित वेळसुद्धा मिळाली नाही. लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत पैसे देणारे मोठे कलावंत काम आटोपून गेले की उरलेले तास या चौघांना मिळत. त्या उरल्यासुरल्या वेळात तयार झालेली तबकडी जुलै १९७३ मध्ये बाहेर आली. त्यानंतर आणखी दोन आल्या. १९७४ अखेर एक गाणे खूप गाजलेही. पण हाती पैसा नव्हता. व्यवस्थापनाशी वाद विकोपाला गेला आणि १९७५ मध्ये ते तेथून बाहेर पडले. पुढची तबकडी चालली नाही तर पथक मोडण्याची वेळ येईल, अशी अवस्था होती.

अशा वेळी माणूस काय करील? सोपी, खपतील अशी गाणी करील. फ्रेडीने उलट केले. त्याने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ नावाचे एक गाणे आणले. त्यात आरंभी संथ विलाप, मध्ये पाश्चात्त्य संगीत-नाटकाच्या थाटाचा समूहस्वर, नंतर कडाडणारे रॉक आणि शेवटी पुन्हा शांत स्वर. पियानोवर आरंभीचा भाग वाजवून तो थांबे आणि येथे नाटकी भाग येणार असे निर्माता रॉय थॉमस बेकर याला सांगे. म्हणजे संपूर्ण इमारत त्याच्या डोक्यात उभी होती. बाहेर मात्र मोकळी जमीन होती!

ऑगस्ट १९७५ च्या अखेरीस वेल्समधील रॉकफील्ड या शेतावरच्या स्टुडिओत काम सुरू झाले. मग लंडनमधील एकामागून एक स्टुडिओ झाले. या एका गाण्याला सुमारे तीन आठवडे लागले. त्या काळच्या पूर्ण तबकड्याही याहून कमी वेळात होत असत.

आता तिघांचे शंभर कसे झाले, ते सांगतो. त्यावेळी ध्वनिमुद्रण दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर होई. या फितीवर चोवीस समांतर पट्टे असत. एका पट्ट्यावर पियानो, दुसऱ्यावर बेस, काहींवर ढोल, असे प्रत्येक वाद्य वेगळे नोंदविता येई आणि आधीचे ऐकत ऐकत नवे जोडता येई. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर ध्वनिक्षेपकापुढे उभे राहून एक ओळ गात. मग तीच ओळ पुन्हा, आणि पुन्हा. रॉजरचा आवाज अतिशय उंच जाई, ब्रायन खालचे स्वर सांभाळी आणि मधला भरदार स्वर फ्रेडीचा. दिवसाचे दहा-बारा तास हे चाले. पट्टे भरले की त्यांतील सगळे आवाज एकत्र करून एक-दोन पट्ट्यांवर उतरवायचे, म्हणजे बाकीचे पट्टे नव्या आवाजांसाठी मोकळे होत. या गाण्यात असे सुमारे १८० थर चढल्याचे सांगतात. फ्रेडी रोज येऊन नाटकी भागात आणखी काही शब्द वाढवी, आणि बेकरला फितीचा आणखी एक कोरा तुकडा जोडावा लागे.

पण याला एक किंमत होती. फीत म्हणजे चुंबकीय भुकटीचा लेप दिलेली प्लॅस्टिकची पट्टी. यंत्रावरून ती जितक्या वेळा फिरे, तितका लेप झिजे. शेवटी ती इतकी झिजली की प्रकाशासमोर धरल्यावर आरपार दिसू लागली, असे बेकरने नंतर सांगितले. आणखी काही दिवस लागते, तर सारे कष्ट फितीबरोबर पुसले जाण्याची भीती होती.

गाणे ५ मिनिटे ५५ सेकंदांचे झाले. एवढे लांब गाणे रेडिओवर कोणी लावणार नाही, ते कापावे, असे कंपनीतील जाणत्यांचे मत पडले. पथकाने नकार दिला. केनी एव्हरेट या मित्राने लंडनच्या कॅपिटल रेडिओवर शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत ते चौदा वेळा लावले म्हणतात. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी गाणे प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’ ही पूर्ण तबकडी २१ नोव्हेंबर १९७५ रोजी आली. तिच्या वेष्टनावर मुद्दाम छापले होते, की यात सिंथेसायझर वापरलेला नाही. जे ऐकू येते ते माणसांच्या गळ्यातून आणि हातांतून आलेले आहे, हे त्यांना लोकांना सांगायचे होते.

पुढची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. १३ जुलै १९८५ रोजी दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या कार्यक्रमात त्याने वेम्बली मैदानावरचा अफाट जनसमुदाय वीस मिनिटांत आपलासा केला. १९८८ मध्ये मोन्सेरात काबाये या स्पॅनिश गायिकेबरोबर त्याची एक तबकडी आली. पण १९८७ सालीच त्याला एड्स झाल्याचे निदान झाले होते. त्या रोगावर तेव्हा गुणकारी उपाय नव्हता. त्याने ही गोष्ट जगापासून लपविली आणि काम वाढविले. १९९१ च्या मे महिन्यात, स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे पथकाच्या स्टुडिओत, उभे राहण्याचे त्राण नसताना तो गात होता. जेवढे गाता येईल तेवढे तो नोंदवून ठेवी. पुरे करण्याचे काम साथीदारांवर सोपवी. शेवटच्या गाण्याचे शेवटचे कडवे गाण्याआधी तो विश्रांतीसाठी गेला आणि ते गायला परत आला नाही. ते कडवे ब्रायनने गायले. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, लंडनमध्ये प्राण सोडला. त्याने मागे ठेवलेल्या आवाजाभोवती तिघा साथीदारांनी आपापली वाद्ये रचली आणि ती तबकडी १९९५ मध्ये बाहेर आली.

आता माझ्याविषयी. फ्रेडीने नाव बदलले, आपल्या बालपणाविषयी तो जगाशी फारसा बोलला नाही, हे कळले तेव्हा प्रथम मला बरे वाटले. एवढ्या मोठ्या माणसाने मूळ झाकले, मग मी एक रकाना खोटा भरला तर काय बिघडले? पण विचार करू लागलो तसे ते समाधान टिकेना. रंगमंचासाठी नाव घेणे वेगळे आणि बापाचे काम नाकारणे वेगळे. फ्रेडीने आईवडिलांना नाकारले नव्हते. त्याचे अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी, त्याच्या घराण्याच्या रीतीने केले. आणि पाचगणीत शिकलेला तो पियानो? त्या गाण्याच्या तळाशी तोच तर आहे. त्यावर १८० आवाज चढले, तरी तो पुसला गेला नाही. पुसला असता तर वरचे आवाज उभे कशावर राहिले असते?

यंदाच्या सुटीत मी ते गाणे आबांना ऐकवले. डोक्याचे मुंडासे सोडून, डोळे मिटून त्यांनी ते पूर्ण ऐकले. मग किती माणसे आहेत असे विचारले. मी तीन म्हणालो. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, दिवस किती लागले? मी तीन आठवडे सांगितले. तेव्हा त्यांनी मान डोलावली. थरावर थर नीट बसवायचा तर तेवढे दिवस लागणारच, गिलावा झाल्यावर लोकांना ते दिसत नाही एवढेच, असे म्हणून ते थापी घेऊन उठले. मला समजायला वर्ष लागले, ते आबांना सहा मिनिटांत समजले होते.

जूनमध्ये द्वितीय वर्षाचा अर्ज भरला. तो रकाना आला. मी गवंडी असे लिहिले. खिडकीतल्या लिपिकांनी अर्ज पाहिला, शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली.