कोण होते शफी इनामदार? ‘ये जो है जिंदगी’मधल्या रणजीतची गोष्ट

मूळचे दापोलीकडचे शफी इनामदार (जन्म १९४५) रंगभूमीवरून पडद्यावर आले. ‘अर्ध सत्य’मध्ये (१९८३) ते ओम पुरींच्या वेलणकरला सांभाळून घेणारे इन्स्पेक्टर हैदर अली होते. १९८४ मध्ये दूरदर्शनच्या ‘ये जो है जिंदगी’ने त्यांना घराघरांत पोहोचवलं. दिग्दर्शन कुंदन शाह यांचं, लेखन शरद जोशींचं (हिंदीतले व्यंगकार, शेतकरी नेते नव्हेत). सतीश शाह दर भागात नवं सोंग घेऊन येत, म्हणून लक्षात तेच जास्त राहिले. पण हशा पिकायचा तो रणजीतच्या वैतागलेल्या, सरळ चेहऱ्यामुळे. या कामाची दाद कमीच मिळते. ‘ती फुलराणी’ गाजवणाऱ्या भक्ती बर्वे त्यांच्या पत्नी. १९९५ मध्ये त्यांनी ‘हम दोनों’ दिग्दर्शित केला. १३ मार्च १९९६ रोजी, भारत-श्रीलंका वर्ल्ड कप सेमीफायनलच्या दिवशी, हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय अवघं ५०.