खेड्याच्या पैशाचा हिशेब मांडणारे धनंजयराव

धरमपेठेतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना ‘गाडगीळ सूत्र’ पाठ असते. लोकसंख्येला साठ टक्के, बाकीच्या चार निकषांना प्रत्येकी दहा. मिळणाऱ्या रकमेत तीस टक्के अनुदान आणि सत्तर टक्के कर्ज. हे सूत्र ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते धनंजय रामचंद्र गाडगीळ नागपुरातच लहानाचे मोठे झाले आणि इथल्याच पटवर्धन हायस्कूलमध्ये शिकले, याची आठवण मात्र शहरात फारशी उरलेली नाही. सहकार व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देणाऱ्या नागपुरातील संस्थेला त्यांचे नाव आहे, एवढेच.

१० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे त्यांचा जन्म झाला. नागपूरचे शालेय शिक्षण आटोपून ते केंब्रिजला गेले. तेथे लिहिलेला भारतातील औद्योगिक स्थित्यंतरावरील प्रबंध १९२४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस होते. सुरतेच्या महाविद्यालयात काही वर्षे प्राचार्यपद सांभाळल्यावर १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि तिची धुरा त्यांच्याकडे आली. ती त्यांनी १९६६ पर्यंत वाहिली.

त्या काळी अर्थशास्त्र म्हणजे बहुतांशी इंग्रजी पुस्तकांतील सिद्धांतांचे अध्यापन होते. गाडगीळांनी संस्थेची माणसे खेड्यांत पाठवली. वाई तालुक्यातील शेतकऱ्यांचा जमाखर्च घरोघर जाऊन टिपला गेला. पुणे शहराचीही अशीच सविस्तर पाहणी झाली. गरिबीवर भाष्य करण्याआधी ती मोजली पाहिजे, ही त्यांची शिस्त होती आणि पुढे सरकारी समित्यांवर काम करतानाही ती त्यांनी सोडली नाही.

शेतकऱ्याला कर्ज कोठून मिळते, या प्रश्नाने त्यांना जवळजवळ जन्मभर गुंतवून ठेवले. १९४४ मध्ये सरकारने शेतीच्या वित्तपुरवठ्यावर उपसमिती नेमली आणि गाडगीळ तिचे अध्यक्ष झाले. जुन्या कर्जाचा बोजा सक्तीने हलका करावा आणि जेथे सहकारी संस्था दुबळ्या आहेत तेथे कृषी पतपुरवठ्यासाठी सरकारी महामंडळे काढावीत, अशी शिफारस १९४५ च्या अहवालात होती. सहकाराच्या कट्टर पुरस्कर्त्याने सरकारी महामंडळाचा पर्याय सुचवावा, हे अनेकांना रुचले नाही.

त्यानंतर आली ती रिझर्व्ह बँकेची अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी. अ. द. गोरवाला तिच्या संचालन समितीचे अध्यक्ष होते आणि गाडगीळ सदस्य. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेडी आणि १,२७,३४३ कुटुंबे एवढा तिचा पसारा होता. १९५४ मध्ये अहवाल आला, त्यातील आकडे आजही वाचणाऱ्याला थबकवतात. शेतकरी जे कर्ज काढत होता त्यात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांचा एक टक्क्याहूनही कमी निघाला. सुमारे सत्तर टक्के कर्ज सावकारांचे होते. सहकार कायदा होऊन पन्नास वर्षे लोटल्यानंतरची ही स्थिती होती.

सहकार गुंडाळून टाकावा, असा अर्थ या आकड्यांतून सहज काढता आला असता. समितीने नेमका उलटा निष्कर्ष काढला. गावातील संस्था दुबळी आहे कारण तिच्या पाठीशी भांडवल नाही. तेव्हा सरकारने तिच्यात भागीदार व्हावे, असे तिने सुचवले. १९५६ मध्ये रिझर्व्ह बँकेने दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय कृषी पतनिधी उभारला. या निधीतून राज्य सरकारांना कर्ज मिळे आणि त्या पैशातून ती सहकारी संस्थांचे भाग घेत. त्याच वर्षी राष्ट्रीय सहकार विकास आणि वखार मंडळ स्थापन झाले व गावोगावच्या संस्थांना गोदामांसाठी कर्ज आणि अनुदान देण्याची सोय झाली. या मंडळाच्या जागी १९६३ मध्ये राष्ट्रीय सहकार विकास निगम आला. कापूस किंवा धान निघाल्याबरोबर मिळेल त्या भावाने विकण्याची पाळी शेतकऱ्यावर येऊ नये, यासाठी आधी माल ठेवायला जागा हवी, हा त्यामागचा साधा विचार होता.

सरकारी भांडवलाच्या मागोमाग सरकारी अधिकारी आणि पाठोपाठ राजकीय पुढारीही संस्थांत शिरले, हे नाकारता येणार नाही. या शिफारशींवर पुढे जी टीका झाली, ती मुख्यतः याच कारणासाठी.

हे सारे गाडगीळ केवळ कागदावर मांडत नव्हते. अहमदनगर जिल्ह्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभारू पाहत होते. गावोगाव फिरून विखे पाटलांनी भाग गोळा केले. पण तेवढ्यावर यंत्रसामग्री येणे शक्य नव्हते. गाडगीळ अध्यक्ष झाले, मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ मिळाले आणि राज्य सरकारने भागभांडवलात सहभाग घेतला. १९५०-५१ च्या हंगामात कारखान्याचे गाळप सुरू झाले. पहिली सुमारे दहा वर्षे अध्यक्षपद गाडगीळांकडेच होते. फारशी शाळा न शिकलेला शेतकरी पुढारी आणि केंब्रिजचा अर्थशास्त्रज्ञ अशी ही जोडी महाराष्ट्राच्या सहकारात पुन्हा जमली नाही.

पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि राज्यसभेचे नियुक्त सदस्यत्व ही पदे त्यांनी अल्पकाळ भूषवली. १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. पंचवार्षिक योजना तेव्हा थबकली होती आणि अनेक राज्यांत बिगरकाँग्रेस सरकारे आली होती. दिल्लीचा पैसा तोवर योजनेगणिक मिळे. कोणत्या योजनेला किती अनुदान आणि किती कर्ज, हे केंद्रातील खाती ठरवत. परिणामी राज्ये गरजेची कामे बाजूला ठेवून ज्या कामावर अनुदान जास्त, तीच हाती घेत. कोणाला किती द्यायचे यात मर्जीला भरपूर वाव होता.

१९६९ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेने मान्य केलेल्या सूत्राने हा वाव बराच कमी केला. लोकसंख्या, दरडोई उत्पन्नातील मागासलेपण, करवसुलीचे प्रयत्न, अपुरे राहिलेले पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या विशेष अडचणी या पाच कसोट्यांवर वाटा ठरू लागला. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांची गरज आधी भागवून उरलेल्या रकमेचे वाटप होई. रक्कम कोणत्या कामावर खर्च करायची, हे राज्याने ठरवायचे होते.

सूत्रात उणीवही होती. सत्तर टक्के कर्जाचा नियम सर्वसाधारण राज्यांना सरसकट लागू झाला. धरणातून पाणीपट्टी तरी येते. गावच्या शाळेतून किंवा दवाखान्यातून कर्ज फेडण्याजोगे उत्पन्न कोठून येणार? गरीब राज्यांच्या डोक्यावर या कर्जाचा डोंगर वाढत गेला.

बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वर्षीच, १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये, गाडगीळांच्या अभ्यासगटाने आणखी एक अहवाल दिला. देशातील साडेपाच लाखांहून अधिक खेड्यांपैकी जेमतेम पाच हजार खेड्यांत बँक पोहोचली होती. प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेने घ्यावी, हा त्यावरचा उपाय ‘अग्रणी बँक योजना’ म्हणून त्याच वर्षी अमलात आला. नागपूर जिल्ह्यात ती जबाबदारी बँक ऑफ इंडियाकडे आहे.

१९७१ च्या निवडणुकीनंतर गाडगीळांनी पद सोडले. दिल्लीहून पुण्याला परतताना ३ मे १९७१ रोजी रेल्वेप्रवासातच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या सूत्रात १९८० आणि १९९१ मध्ये बदल झाले. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार २००५ पासून केंद्राने कर्जाचा भाग बंद केला आणि २०१५ मध्ये नियोजन आयोगापाठोपाठ ही मदतही संपली. मोजून वाटण्याची त्यांची रीत मात्र त्यांच्या संस्थेतील सहकाऱ्यांकडे राहिली. गोखले संस्थेची सूत्रे त्यांच्यानंतर वि. म. दांडेकर यांच्याकडे गेली. महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाची मोजणी करण्यासाठी नेमलेल्या सत्यशोधन समितीचे अध्यक्षही तेच होते. १९८४ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने रस्ते, सिंचन, गावांचे विद्युतीकरण, पाणीपुरवठा, शिक्षण, आरोग्य अशा नऊ क्षेत्रांत राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक असल्याचे दाखवले. त्यातील सुमारे ३९ टक्के एकट्या विदर्भाचा होता.