शाळामास्तर स्वामीजी

बेगमपेठेत स्वामी रामानंद तीर्थांच्या समाधीपाशी गेलो की माझ्या मनासमोर आधी शाळामास्तर उभा राहतो, मग संन्यासी.

विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे १९०३ साली जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर १९३२ साली संन्यास घेऊनही हिप्परगा व अंबाजोगाई येथे शिकवीतच राहिले. निजामी राज्यात साधी सभा भरवायलाही परवानगी लागे. म्हणून माणसे जोडली गेली ती शाळांतून, वाचनालयांतून आणि भाषावार परिषदांतून. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला भरले. तेलुगु व कानडी बांधवांच्या परिषदाही होत्याच. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली, तरी सत्याग्रहींच्या तुकड्या निघाल्या. कारण माणसे आधीच एकमेकांना ओळखत होती. बंदी उठली ती १९४६ साली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाने शरणागती दिली, तेव्हा स्वामीजी तुरुंगात होते.

पुढे भाषावार प्रांतरचनेचा त्यांनी पुरस्कार केला. १९५६ साली राज्याचे तीन वाटे झाले. मराठवाडा तिकडे गेला, आपण हैदराबादचे मराठी इथेच राहिलो. स्वामीजीही इथेच राहिले आणि १९७२ साली इथेच गेले.

त्या वाटणीची हुरहूर मलाही वाटते. पण शाळा, वाचनालय, परिषद चालवायला हाती राज्य असावे लागत नाही, हे त्यांनीच दाखवून दिले. वाचनालयाची वर्गणी थकली असेल, तर ती आपण आधी भरू या.