मुंबई महापालिकेचे शिल्पकार : सर फिरोजशहा मेहता

बोरीबंदर स्थानकातून बाहेर पडले की समोर मुंबई महापालिकेची भव्य दगडी इमारत दिसते आणि तिच्यापुढे एका भारदस्त पुरुषाचा पुतळा उभा असलेला दिसतो. १९२३ पासून तो तेथे आहे. गाडी पकडण्याच्या घाईत त्याच्याकडे मान वर करून पाहणारे थोडेच. हा पुतळा फिरोजशहा मेहता यांचा. ते ना कधी मुंबईचे आयुक्त होते, ना गव्हर्नर. मग त्यांना ही जागा का मिळाली?

राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात 'स्थानिक स्वराज्य' या प्रकरणाला लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावापासून सुरुवात होते आणि चार गुणांची टीप लिहून आपण ते प्रकरण मिटवून टाकतो. पण मुंबईत हा झगडा त्या ठरावाच्या दहा-अकरा वर्षे आधीच पेटला होता. तो पेटला तेव्हा फिरोजशहांचे वय अवघे सव्वीस होते. त्यांचे चरित्र म्हणजे एका कायद्याच्या जन्माची कथा आहे असे मला वाटते, आणि म्हणूनच त्यांच्या राष्ट्रीय राजकारणापेक्षा या बाजूवर मी अधिक लिहिणार आहे.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या हाताखाली ते शिकले आणि १८६४ मध्ये बी. ए. झाले. पुढे रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी होतकरू हिंदी तरुणांना बॅरिस्टरीसाठी विलायतेस पाठविण्याकरिता मोठी देणगी देऊ केली, आणि निवडलेल्या तरुणांत फिरोजशहा होते. पण ती वर्षे मुंबईच्या शेअर-वेडाची होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपले, १८६५ मध्ये बाजार कोसळला आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. देणगी देणारेच अडचणीत आल्यावर विद्यार्थ्यांचे काय? तरीही फिरोजशहांनी लिंकन्स इनमधला अभ्यास पुरा केला आणि १८६८ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले. लंडनमध्ये त्यांना दादाभाई नौरोजींचा सहवास लाभला होता. लोकमताने चालणाऱ्या संस्थांवरचा त्यांचा विश्वास तेथेच पक्का झाला असावा.

ते परतले तेव्हा मुंबईचा कारभार १८६५ च्या कायद्याने चालत होता. या कायद्याने शहरातील जस्टिस ऑफ द पीस मंडळींची एक संस्था केली होती. हे सारे सरकारने नेमलेले प्रतिष्ठित लोक होते. कामकाजाची सर्व सत्ता मात्र एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती होती आणि त्या जागेवर आर्थर क्रॉफर्ड हा धडाडीचा अंमलदार बसला होता. क्रॉफर्डने गटारे, रस्ते आणि मंड्या यांचा धडाका लावला. आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखले जाणारे क्रॉफर्ड मार्केट त्याच्याच काळातले, १८६९ चे. शहराचे रूप पालटू लागले, पण पैशाचा हिशोब राहिला नाही. बाजार बुडाल्याने आधीच पिचलेल्या घरमालकांवर कराचा बोजा वाढत गेला. जस्टिस मंडळी शेकड्यांनी असूनही त्यांचा कमिशनरला धाक नव्हता. शेवटी १८७१ मध्ये शहरभर असंतोष उसळला. क्रॉफर्डला हाकला आणि कारभार जस्टिसांच्या एका समितीकडे द्या, हीच जो तो मागणी करू लागला.

फिरोजशहांचे वेगळेपण येथे दिसते. शहराने क्रॉफर्डला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले असताना या तरुण बॅरिस्टराने त्याची बाजू घेतली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी म्युनिसिपल सुधारणेवर निबंध वाचला, तेव्हा श्रोत्यांनी गलका करून त्यांना नकोसे केले. लोकांचा कैवार घेऊ पाहणाऱ्या माणसाची लोकांनीच हुर्यो उडवावी, ही सुरुवात काही शुभ म्हणता येणार नाही.

पण त्यांच्या म्हणण्याचा गाभा समजून घेण्याजोगा आहे. दोष माणसात नसून व्यवस्थेत आहे, असे त्यांचे मत होते. कमिशनरच्या जागी समिती बसवली तर जबाबदारी कोणाची हेच कळेनासे होईल. काम बिघडले की प्रत्येक सभासद दुसऱ्याकडे बोट दाखवील. तेव्हा कामाची धुरा एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असावी. मात्र त्याच्यावर देखरेख करणारी सभा सरकारने नेमलेल्या जस्टिसांची नसावी, ती कर भरणाऱ्या नागरिकांनी निवडून दिलेली असावी. त्या सभेने पैशावर लक्ष ठेवण्यासाठी एक लहान मंडळ निवडावे आणि हिशोब तपासणारा अधिकारीही सभेचाच असावा. क्रॉफर्डचा बचाव आणि निवडणुकीची मागणी या दोन गोष्टी एकाच माणसाच्या तोंडी ऐकून लोक गोंधळले, यात नवल नाही. पुढे याच क्रॉफर्डवर मध्य विभागाचा कमिशनर असताना मामलतदारांकडून पैसे घेतल्याचे आरोप झाले. १८८८ चे ते 'क्रॉफर्ड प्रकरण' टिळकांच्या चरित्रात आपण वाचतो. पण म्हणून फिरोजशहांचा मुद्दा चुकीचा ठरत नाही. ते व्यक्तीचे वकील नव्हते, रचनेचे होते.

१८७२ चा कायदा झाला तेव्हा त्या निबंधातील बऱ्याच गोष्टी त्यात उतरलेल्या दिसल्या. चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन स्थापन झाली. त्यांतील बत्तीस करदात्यांनी निवडायचे, सोळा जस्टिसांनी निवडायचे आणि सोळा सरकारने नेमायचे. जमाखर्चावर नजर ठेवण्यासाठी बारा जणांची टाउन कौन्सिल आली. १८७३ मध्ये करदात्यांनी पहिल्यांदा आपले प्रतिनिधी निवडले. आपल्या देशात एवढ्या मोठ्या शहरात लोकांनी निवडलेले सभासद कारभाराचा जाब विचारू लागले, ही केवढी गोष्ट! मतदार मात्र ठराविक रकमेच्या वर कर भरणारेच, म्हणजे मूठभर. चाळीत राहणारा गिरणीकामगार या चित्रात कोठेच नव्हता. फिरोजशहांच्या मनात तो होता असे म्हणायलाही मला आधार सापडत नाही. त्यांचे लोक म्हणजे करदाते लोक.

यानंतर फिरोजशहा कॉर्पोरेशनचे आणि कॉर्पोरेशन फिरोजशहांची होऊन गेली. १८८४ आणि १८८५ अशी लागोपाठ दोन वर्षे ते अध्यक्ष होते. १८८४ मध्येच लॉर्ड रिपन यांच्या हस्ते पालिकेच्या नव्या इमारतीची कोनशिला बसली आणि १८९३ मध्ये ती पुरी झाली. १८८५ मध्ये त्यांनी काशिनाथ त्रिंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली.

त्यांच्या आयुष्यातील खरे मोठे काम मात्र १८८७-८८ मधले आहे. सरकारने मुंबईसाठी नव्या कायद्याचा मसुदा आणला. त्यात कमिशनरचे पारडे पुन्हा जड होण्याची चिन्हे होती. लॉर्ड रे यांच्या कारकिर्दीत फिरोजशहा कायदेकौन्सिलात आले होते आणि तेलंग तेथे होतेच. एक पारशी बॅरिस्टर आणि एक संस्कृत पंडित अशी ही जोडी त्या मसुद्याच्या मागे लागली आणि कलमाकलमावर वाद घालत त्यांनी त्याचे रूपच बदलून टाकले. भाषणे गाजवणारे पुढारी आपल्याकडे पुष्कळ झाले. कायद्याच्या कलमात एखादा शब्द कोठे बसतो याकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारे फार थोडे.

१८८८ च्या या कायद्याने काय केले? सभासद बहात्तर झाले. छत्तीस करदात्यांचे, सोळा जस्टिसांचे, दोन विद्यापीठाच्या फेलोंचे, दोन चेंबर ऑफ कॉमर्सचे आणि सोळा सरकारनियुक्त. म्हणजे करदात्यांच्या जागा बरोबर निम्म्या. पण संख्येपेक्षा महत्त्वाची आहे ती सत्तेची वाटणी. शहराचा कारभार कॉर्पोरेशनचा, पैशावर आणि कंत्राटांवर नजर ठेवणारी तिची स्थायी समिती, आणि प्रत्यक्ष अंमलबजावणी करणारा सरकारने नेमलेला कमिशनर. प्रत्येकाची हद्द कायद्याने आखलेली. कमिशनर सरकारचा खरा, पण सभेच्या पाच-अष्टमांश सभासदांनी त्याच्याविरुद्ध मत दिले तर त्याला जावेच लागेल, अशी तरतूद या कायद्यात आहे. बहात्तरांचे पाच-अष्टमांश म्हणजे पंचेचाळीस, आणि सरकारच्या नेमणुकीचे सभासद सोळाच. हे गणित ज्याने त्याने स्वतः मांडून पाहावे.

पैशाचा झगडा याहून लांबला. शहराच्या पोलिसांचा खर्च पालिकेने सोसावा असे सरकारचे म्हणणे. जे पोलीस आपल्या हुकमात नाहीत त्यांचा पगार आपण का द्यावा, हा पालिकेचा सवाल. वर्षानुवर्षे चाललेला हा वाद १९०७ च्या कायद्याने मिटला. पोलिसांचा खर्च सरकारने उचलला आणि त्याबदली प्राथमिक शिक्षण व दवाखान्यांचा भार पालिकेने घेतला. मुंबईतील पालिकेच्या शाळांची वाढ या वाटणीतून झाली आहे.

त्याच १९०७ सालचा आणखी एक प्रसंग नाटकात शोभावा असा आहे. फिरोजशहांचा पालिकेवरील दरारा गोऱ्या अधिकाऱ्यांना सलत होता. तो दरारा कधीकधी हुकूमशाहीकडे झुकत असे, हेही मान्य केले पाहिजे. अकाउंटंट जनरल हॅरिसन, 'टाइम्स ऑफ इंडिया'चे संपादक लोव्हॅट फ्रेझर आदी मंडळींनी 'कॉकस' नावाने ओळखला गेलेला गट बांधला आणि जस्टिसांच्या सोळा जागांच्या निवडणुकीत सोळा उमेदवार उभे करून फिरोजशहांना पाडले. ते सतराव्या क्रमांकावर आले. पुढे निवडून आलेल्यांपैकी एक जण पालिकेचा कंत्राटदार असल्याने अपात्र ठरला आणि ती जागा फिरोजशहांना मिळाली. ज्या कायद्याच्या घडणीत त्यांनी रात्रीचा दिवस केला होता, त्याच कायद्याने त्यांना सभागृहाचे दार पुन्हा उघडून दिले! १९११ मध्ये ते चौथ्यांदा अध्यक्ष झाले.

राष्ट्रीय राजकारणातले फिरोजशहा आपल्याला टिळकांचे विरोधक म्हणून ठाऊक आहेत. १८९० च्या कलकत्ता काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. १९०१ मध्ये जमीनमहसुलाच्या बिलाच्या वेळी गोखल्यांसह त्यांनी मुंबईच्या कायदेकौन्सिलातून सभात्याग केला. सुरतेच्या फाटाफुटीत त्यांचा वाटा मोठा होता आणि तेथे माझे मन त्यांच्या बाजूने वळत नाही. १९१५ हे त्यांचे अखेरचे वर्ष. त्या वर्षी फेब्रुवारीत गोखले गेले, फिरोजशहा मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि ५ नोव्हेंबरला त्यांनी देह ठेवला.

कायदा मात्र जगला. १९२२ मध्ये दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्याला मत मिळाले आणि चाळीतला भाडेकरू मतदार झाला. १९३१ पासून अध्यक्षाला महापौर म्हणू लागले. १९४८ ची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली. १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरे सामील होऊन पालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. १९४९ च्या प्रांतिक कायद्याने सभा, स्थायी समिती आणि आयुक्त हाच साचा पुण्याला नेला. १९९८ मध्ये मुंबईत 'मेयर-इन-कौन्सिल'चा प्रयोग होऊन वर्षभरातच गुंडाळला गेला आणि जुनी घडी परत आली. इतक्या दुरुस्त्या पचवूनही मुंबईचा कारभार अजून १८८८ च्याच कायद्याने चालतो.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक वेळेवर झाली नाही. तेव्हा आयुक्तांनाच प्रशासक नेमण्यात आले. त्यानंतर काही वर्षे मुंबईच्या अंदाजपत्रकाचा प्रस्ताव मांडणारा अधिकारी आणि त्याला मंजुरी देणारा अधिकारी एकच होता.