डॉ. फ्रेडरिक मॅके

मुलांच्या दांतांवर पडणारा तपकिरी डाग ही बाब वरवर पाहतां किती क्षुल्लक! परंतु या डागाचें कारण शोधण्यांत एका दंतवैद्यानें आपल्या आयुष्याचीं तीस वर्षें वेंचिलीं, आणि त्या श्रमांतून शहरांच्या पिण्याच्या पाण्याविषयींचें एक मोठें ज्ञान जगास लाभलें. त्या सत्पुरुषाचें नांव डॉ. फ्रेडरिक मॅके.

मॅके यांचा जन्म १८७४ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत झाला. पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत दंतवैद्यकाचें शिक्षण पुरें करून १९०१ सालीं त्यांनीं कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गांवीं आपला दवाखाना थाटला. तेथें त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. त्याच गांवीं जन्मलेल्या पुष्कळ लोकांच्या दांतांवर तपकिरी डाग होते. कितीहि घासले तरी ते जात नसत. ग्रंथांत पाहावें तर त्यांचा कोठें उल्लेख नाहीं. लोकांस विचारावें तर कोणी डुकराच्या मांसास दोष देई, कोणी खराब दुधास. इतर दंतवैद्य तर या गोष्टीकडे लक्षच देईनात.

अखेर १९०९ सालीं शिकागोचे सुप्रसिद्ध दंतशास्त्रज्ञ डॉ. जी. व्ही. ब्लॅक हे त्यांच्या साह्यास आले. प्रथम त्यांचा विश्वास बसला नव्हता. परंतु तेथें जन्मलेल्या मुलांपैकीं जवळजवळ ९० टक्के मुलांच्या दांतांवर हे डाग आहेत, असें पाहून ते थक्क झाले. १९१५ सालीं ब्लॅक वारले. त्यांच्या व मॅके यांच्या अभ्यासांतून दोन गोष्टी निश्चित झाल्या. पहिली ही कीं, पक्के दांत येऊन गेलेल्या माणसास हे डाग पडत नाहींत. दांत हिरड्यांत घडत असतांनाच हा दोष त्यांत शिरतो. दुसरी गोष्ट फारच नवलाची. हे विद्रूप दांत सहसा किडत नसत!

ब्लॅक यांच्यामागें मॅके यांनीं शोध चालूच ठेविला. १९२३ सालीं ते आयडाहो संस्थानांतील ओकली या खेड्यास गेले. तेथील आईबापांनीं त्यांना सांगितलें कीं, पांच मैलांवरील एका उष्ण झऱ्याचें पाणी नळानें गांवांत आणल्यापासून मुलांच्या दांतांवर डाग पडूं लागले आहेत. मॅके यांनीं तें पाणी तपासलें. संशयास्पद असें कांहींच सांपडलें नाहीं. तरीहि तो नळ सोडून जवळच्या दुसऱ्या झऱ्याचें पाणी घेण्याचा सल्ला त्यांनीं दिला. गांवानें तो मानला, आणि थोड्याच वर्षांत तेथील लहान मुलांना निर्दोष दांत येऊं लागले. दोष पाण्यांतच होता. पण त्यांतील कोणत्या द्रव्याचा?

आर्कान्सा संस्थानांत बॉक्साइट नांवाचें गांव एका अल्युमिनियम कंपनीच्या मालकीचें होतें. तेथील मुलांच्या दांतांवरहि असेच डाग असल्याची हकीकत मॅके व त्यांचे सहकारी यांनीं लिहिली. ती कंपनीचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांच्या वाचण्यांत आली. अल्युमिनियमचीं भांडीं विषारी असतात अशी त्या काळीं ओरड होती. तिच्यांत ही भर पडूं नये म्हणून त्यांनीं तें पाणी अत्यंत सूक्ष्म रीतीनें तपासविलें. १९३१ सालीं उत्तर हातीं आलें. पाण्यांत फ्लोराइड फार होतें. मॅके यांनीं डाग असलेल्या इतर गांवांच्या पाण्याचे नमुने धाडले. त्यांतहि तेंच निघालें. तीस वर्षांचें कोडें सुटलें.

पुढें डॉ. ट्रेंडली डीन यांनीं अनेक शहरांची पाहणी करून दाखविलें कीं, एक लिटर पाण्यांत सुमारें एक मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर डागांचें भय फारसें राहत नाहीं, आणि कीड मात्र पुष्कळ कमी होते. या आधारावर २५ जानेवारी १९४५ रोजीं मिशिगन संस्थानांतील ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यांत फ्लोराइड मिसळण्यास आरंभ झाला. असें करणारें जगांतील तें पहिलें शहर होय. त्यानंतर तेथें जन्मलेल्या मुलांत दंतकिडीचें प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटलेलें आढळलें. १९५९ सालीं मॅके देवाघरीं गेले.

सर्वांच्या पाण्यांत असें द्रव्य मिसळावें कीं नाहीं, याविषयीं आजहि मतभेद आहेत; अमेरिकन सरकारनें २०१५ सालीं शिफारशीचें प्रमाण ०.७ मिलिग्रॅमवर आणलें. आपल्या देशांत प्रश्न बहुधा उलट आहे. फ्लोराइडच्या अतिरेकानें हाडें ताठरणारा रोग १९३७ सालीं मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांत नोंदला गेला. आपल्या चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील कांहीं खेड्यांच्या भूगर्भांतील पाण्यांतहि तें मर्यादेबाहेर आढळलें आहे. तेथें फ्लोराइड मिसळण्याची नव्हे, काढून टाकण्याची गरज आहे.

विद्यार्थिमित्रहो, ईश्वराच्या सृष्टींतील एकच द्रव्य मापांत राहिलें तर हितकर, मापाबाहेर गेलें तर घातक, हा या चरित्राचा एक धडा. दुसरा याहून मोठा. ओकलीच्या त्या दिवशीं मॅके यांच्या परीक्षानळींत कांहींच दिसलें नव्हतें. तरीहि त्यांनीं साध्या आईबापांचें म्हणणें हंसण्यावारी नेलें नाहीं. ज्ञानाबरोबर ही नम्रता ज्यांच्या अंगीं असते, त्यांच्याच हातून लोकांचें खरें कल्याण होतें.