सोलापूरचे राम जोशी: हेडसेटच्या दोनशे वर्षं आधीचा 'इमर्सिव्ह' शो

व्हीआर हेडसेट डोक्याला लावला की आजूबाजूची खोली गायब होते. पुढे कधीतरी हेडसेटही लागणार नाही, समोर थेट होलोग्राम उभा राहील. पण असं हरवून जायला नेमकं काय लागतं? हे समजून घ्यायला राम जोशी या शाहिरांकडे बघू या.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात एका ब्राह्मण घरात त्यांचा जन्म झाला. पण मन रमायचं तमाशाच्या फडात. त्या काळी हे घराण्याला बट्टा लावणारं मानलं जायचं. थोरले भाऊ मुद्गल जोशी यांनी त्यांना घराबाहेर काढलं. राम जोशी पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकले, पण लावणी काही सुटली नाही. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांपर्यंत त्यांचं नाव पोहोचलं. कवी मोरोपंतांच्या प्रभावानं ते कीर्तनही करू लागले आणि मोरोपंतांच्या आर्या त्यांनी लोकांपर्यंत नेल्या.

आता त्यांचं 'हार्डवेअर' बघा. एक डफ आणि एका तारेचं तुणतुणं. कातडं सैल पडलं की डफ विस्तवावर शेकायचा, झालं ट्यूनिंग!

हेडसेटमध्ये मान वळवल्यावर चित्र बदलायला साधारण २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर गरगरायला लागतं. कारण मान वळल्याचं आतला कान सांगतो, पण डोळ्यांना ते दिसत नाही. फडात १० मीटरवर बसलेल्याला डफाचा ठोका सुमारे ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. तरी चक्कर येत नाही, कारण लांबचा आवाज उशिरा येणं मेंदूच्या सवयीचं आहे. शिवाय शाहीर समोरच्यांचा मूड बघून गाणं खुलवतो. हा खरा इंटरॅक्टिव्ह शो.

१८१२च्या सुमारास राम जोशी गेले. एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ मध्ये. त्यामुळे त्यांच्या लावण्यांचे शब्द उरले, आवाज मात्र कायमचा गेला. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी' चित्रपटात जयराम शिलेदारांनी त्यांची भूमिका केली, पण तो आवाज शिलेदारांचा.

उद्या एआय राम जोशींचा होलोग्राम उभा करेलही. तो गाईल, हसेल, आपल्याला उत्तरंही देईल. पण शिकायला मूळ आवाजच नसल्यामुळे तो अंदाजच असेल. तंत्रज्ञान कितीही पुढे गेलं, तरी जे कुणी जपलंच नाही ते परत आणता येत नाही.

म्हणूनच तुमच्या गावात एखादे जुने शाहीर किंवा तमाशा कलावंत असतील, तर त्यांना विचारून त्यांचं गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करा. सोबत समोर बसलेल्यांची दादही येऊ द्या. तारीख, गाव आणि कलावंताचं नाव लिहून ठेवा, फाईलची एक कॉपी दुसरीकडे जपा.