पट्टणकोडोलीचे शंकर पाटील : तीन मित्र, एक माईक आणि गावाच्या गोष्टी

पट्टणकोडोली म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं आधी येतो तो भंडारा. विठ्ठल-बिरदेवाची यात्रा, फरांडे बाबांची भाकणूक, पिवळंधमक झालेलं अख्खं गाव. हातकणंगले तालुक्यातल्या याच गावात ८ ऑगस्ट १९२६ ला एक पोरगं जन्माला आलं. पुढं त्यानं नुसत्या बोलण्यावर महाराष्ट्राला हसवलं. शंकर बाबाजी पाटील त्यांचं नाव. ८ ऑगस्ट २०२६ ला त्यांच्या जन्माला १०० वर्षं पूर्ण होतात. आपल्या जिल्ह्यातल्या किती पोरांना हे नाव ठाऊक आहे, हा प्रश्नच आहे. 'पिंजरा' मात्र सगळ्यांना ठाऊक असतो. त्या 'पिंजरा'चे संवाद याच माणसाचे.

शिक्षण बी.ए., बी.टी. म्हणजे तयारी मास्तरकीची, आणि काही काळ मास्तरकी केलीही. मग पुण्याला आकाशवाणीत गेले. पुढं पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या बालभारतीत मराठीचं काम बघितलं. नोकऱ्या अशा सरळ, पगारी. पण डोक्यात सगळा वेळ गाव. पुण्यात राहूनही कागदावर उतरायची ती चावडी, बांध, पाण्याच्या पाळीवरची भांडणं, पाव्हणेरावळे आणि पारावर बसून दुसऱ्याच्या घरातलं ऐकणारी माणसं. १९५८ ला 'वळीव' हा पहिला कथासंग्रह आला. त्यानंतर 'भेटीगाठी', 'आभाळ', 'धिंड', 'ऊन', 'खुळ्याची चावडी' अशी पुस्तकं येत राहिली.

इथं एक गोष्ट आधीच सांगतो. शंकर पाटील म्हणजे नुसते विनोदी लेखक असं समजणारे पुष्कळ आहेत. तसं नाही ते. 'वळीव' किंवा 'आभाळ' हातात घेऊन बघा. त्यात हसू कमी आणि गलबलून येणं जास्त. पाऊस, पीक, म्हातारपण, सासरी गेलेली लेक, अशी दुखणी आहेत त्यात. १९६४ ची 'टारफुला' ही कादंबरी तर चांगली जडशीळ आहे. टारफुला काय असतो ते जोंधळा करणाऱ्याला सांगायला नको. मुळाला चिकटतो, रस ओढतो, आणि वरून पीक पिवळं पडायला लागल्यावर आपल्या ध्यानात येतं. गावचा कर्ता पाटील मेल्यावर सत्तेपायी गाव कसं आतून पोखरलं जातं, त्याची ही गोष्ट. ग्रामपंचायतीचं राजकारण जवळून बघितलेल्या माणसानं ती वाचली, तर त्याला पानोपानी ओळखीची माणसं भेटतील.

मग ह्या माणसाला सगळा महाराष्ट्र हसवणारा म्हणून का ओळखायला लागला? त्याचं कारण दोन मित्र.

एक व्यंकटेश माडगूळकर. आटपाडीजवळच्या माडगुळ्याचे, 'बनगरवाडी'वाले, ग. दि. माडगूळकरांचे धाकटे भाऊ. चित्रकला शिकायची म्हणून तरुणपणी कोल्हापुरातही राहून गेलेले. दुसरे द. मा. मिरासदार. जन्म अकलूजचा, ओढा पंढरपूरकडचा, पुण्यात कॉलेजात मराठीचे प्राध्यापक. शंकर पाटील १९२६ चे, बाकीचे दोघे १९२७ चे. म्हणजे तिघे जवळपास एकाच वयाचे. तिघेही गावाकडनं आलेले आणि पोटासाठी पुण्यात स्थिरावलेले. माडगूळकर आणि पाटील दोघेही आकाशवाणीशी बांधलेले, त्यात माडगूळकर तर वर्षानुवर्षं ग्रामीण कार्यक्रमच बघत होते. शहरात गेलेल्या गावच्या माणसाला दुसरा गावचा माणूस भेटला की काय होतं, ते सांगायला नको. बोलणं सुरू झालं की घड्याळ कोण बघतंय.

साठच्या दशकात ह्या तिघांनी मिळून कथाकथनाचे कार्यक्रम करायला सुरुवात केली. आज हे ऐकायला साधं वाटतं. तेव्हा लेखकानं लिहायचं आणि वाचकानं गपचूप वाचायचं, असाच रिवाज होता. ह्यांनी आपली गोष्ट उचलली आणि थेट माईकपुढं नेली. पडदा नाही, पेटी-ढोलकी नाही, रंगभूषा नाही. एक माणूस उभा राहणार, आणि तोच सरपंच, तोच तलाठी, तोच दारुडा, तोच त्याची बायको आणि तेच तिला समजावणारं म्हातारंही होणार. कुणी पुस्तक बघून वाचत नव्हतं. गोष्ट सांगितली जायची, पारावर सांगतात तशी.

तिघांची रीत वेगवेगळी. माडगूळकर शांत, मोजकं बोलणारे, ऐकणाऱ्याला जागेवर बसल्या बसल्या माणदेशात नेऊन सोडणारे. मिरासदार चेहरा कोरा ठेवून अशी काही थाप मारायचे की माणसं लोळायची. त्यांच्या भोकरवाडीतले नाना चेंगट, बाबू पैलवान, गणा मास्तर आजही लोक विसरलेले नाहीत. आणि शंकर पाटील? त्यांच्याकडं आपली कोल्हापुरी होती. नुसते शब्द नव्हेत हं, तो हेलसुद्धा. वाक्याच्या शेवटी आवाज जिथं उचलायचा तिथंच उचलायचा, आणि मधी अशी जागा सोडायची की हसणाऱ्याला दम घेता यावा. माणूस कोल्हापुरी बोलला की त्याला अडाणी समजायचे दिवस होते ते. अशा वेळी हा बी.ए., बी.टी. झालेला माणूस पुण्या-मुंबईच्या सभागृहात बिनधास्त आपली बोली बोलत होता आणि समोरचे पांढरपेशे टाळ्या वाजवत होते. ह्याची किंमत आपल्यासारख्यांनाच जास्त कळेल.

'धिंड' ही कथा घ्या. दारूबंदीचा जोर चढलेलं गाव. प्यालेला सापडला की गाढवावरनं धिंड काढायची असा बेत. आणि सापडतो कोण, तर राऊ खोत. गुन्हेगार, न्याय करणारे आणि तमाशा बघणारे सगळे एकाच गावचे, एकमेकांच्या नात्यातले. कुणाचं कुणाला काय माहीत नाही असं नाहीच. मग न्यायाचं काय होणार? विनोद इथला आहे. राऊ खोताच्या झोकांड्यांना आपण हसतो खरं, पण थोड्या वेळानं लक्षात येतं की हसू त्या न्याय करणाऱ्या मंडळींचंच येतंय.

एकाच स्टेजवर तीन लेखक म्हटल्यावर चढाओढ होणारच. आधीच्यानं सभा लोळवून ठेवली की पुढच्यानं काय करायचं? असल्या जोड्या फुटायला वेळ लागत नाही, तमाशाच्या फडात हे आपण कितीदा बघितलंय. पण हे तिघं वर्षानुवर्षं एकत्र गावं पालथी घालत राहिले. गणेशोत्सव, व्याख्यानमाला, कॉलेजची स्नेहसंमेलनं. मला वाटतं, एकाची रीत दुसऱ्याला जमणारी नव्हती, हेच त्यांच्या पथ्यावर पडलं असावं. माडगूळकरांनी पाटलांसारखं बोलायचा प्रयत्न केला नाही आणि पाटलांनी मिरासदारांसारखं.

पाटलांची आणखी एक सोयरीक जुळली ती लोकनाट्याशी. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तेव्हा पुण्याची दोन जिवलग पोरं होती, निळू फुले आणि राम नगरकर. निळूभाऊ माळीकाम करायचे, रामभाऊ सलूनवाले. दोघांचा हजरजबाबीपणा असा की एकानं वाक्य टाकावं आणि दुसऱ्यानं ते खाली पडू देऊ नये. पु. ल. देशपांड्यांच्या 'पुढारी पाहिजे'मधून निळू फुले आधी लोकांना माहीत झालेले होते. मग आलं शंकर पाटलांचं वगनाट्य 'कथा अकलेच्या कांद्याची'. ह्या वगानं निळूभाऊ-रामभाऊंना गावोगावी नेलं. वग लिहिलेला असला तरी बतावणीत रोज काहीतरी पदरचं घालायचं असतं. त्या गावचा रस्ता, त्या आठवड्याची बातमी, पुढच्या रांगेतला पुढारी. आजच्या टीव्हीवरच्या कॉमेडी स्किटवाल्यांनी हे सगळं नवीन काढलं असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं.

ह्या वगानंच निळू फुल्यांना सिनेमाची वाट दाखवली. कोल्हापूरच्या अनंत मानेंनी १९६८ ला 'एक गाव बारा भानगडी' काढला. कथा शंकर पाटलांची, आणि त्यात झेले अण्णा झाले निळू फुले. तिथनं पुढं तो बेरकी पुढारी महाराष्ट्राच्या घराघरात पोचला. पुढं १९७२ ला व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' आला. त्यात गाणी आपल्या जगदीश खेबुडकरांची, संगीत राम कदमांचं, संवाद शंकर पाटलांचे. राम नगरकरांनी 'रामनगरी' हा एकपात्री प्रयोग उभा करून आपलंच आयुष्य हसत हसत सांगितलं. 'लवंगी मिरची कोल्हापूरची' हा पाटलांचा आणखी एक वग. नावातच सगळं आलं.

आता थोडी कडू गोष्ट. कथाकथन जसं गाजायला लागलं, तशी टीकाकारांची कुरबुर सुरू झाली. म्हणणं असं की लेखक टाळ्यांसाठी लिहायला लागले, गावाकडचा माणूस म्हणजे हसायचं बुजगावणं झाला, 'वळीव' लिहिणारा हात स्टेजच्या नादानं हलका झाला. ह्यात अगदीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. नंतरच्या काही कथा वाचताना पुढं मंडप दिसतो, हे खरं. जिथं थांबून आत बघायचं, तिथं गोष्ट हशाकडं वळते. 'टारफुला'च्या तोडीचं काही त्यानंतर त्यांच्या हातून आलं असं मला वाटत नाही.

पण दुसरी बाजू टीकाकारांना दिसत नव्हती, कारण ते पुस्तकं विकत घेणाऱ्यांतले होते. त्या काळात आपल्या तालुक्यांत लिहिता-वाचता न येणारी माणसं, विशेषतः बायका, किती होत्या? त्यांच्यापर्यंत 'आभाळ' हे पुस्तक कसं जाणार होतं? मंडपात सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या आजीला आपल्याच भाषेतली, आपल्याच घरातली वाटावी अशी गोष्ट पहिल्यांदा ऐकायला मिळाली ती ह्या तिघांमुळं. लेखक म्हणून पाटलांचं थोडं नुकसान झालं असेल. ऐकणाऱ्यांचं झालं नाही. ह्या दोन्हीचा हिशेब ज्यानं त्यानं आपल्या परीनं मांडावा.

साहित्याच्या दरबारानं नंतर मान दिला, तोही तिघांना. १९८३ ला अंबाजोगाईच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर झाले. १९८५ ला नांदेडला शंकर पाटील. मिरासदारांची पाळी यायला १९९८ उजाडलं, परळी वैजनाथला. त्यांच्या अध्यक्षपदाला मात्र पाटील नव्हते. ३० जुलै १९९४ ला ते गेले होते. पुढच्याच वर्षी राम नगरकर गेले. माडगूळकर २००१ ला, निळूभाऊ २००९ ला. मिरासदार सगळ्यांत मागं राहिले, ऑक्टोबर २०२१ पर्यंत.

पाटलांच्या आवाजातलं कथाकथन मोबाईलवर सहज सापडतं. 'शंकर पाटील धिंड' एवढं टाकलं तरी पुरे. फक्त कानात हेडफोन घालून एकट्यानं ऐकू नका. जेवणं उरकल्यावर मोबाईल सोप्यात मधोमध ठेवा, आवाज मोठा करा आणि म्हाताऱ्यांना जवळ बसवा.